मुक्त ज्ञानकोशातील भाषाविज्ञान : स्वयंसेवी लेखनाची बांधणी

विकिपीडियावर भाषाविज्ञानाखाली येणारे लेखन एकजिनसी नाही. एकेका भाषेवरची आणि बोलीवरची पाने, स्वनिम किंवा सामान्यरूप यांसारख्या संकल्पनांवरची पाने, व्याकरणकारांची व भाषाभ्यासकांची चरित्रे, लिप्या, शिलालेख, शब्दकोश असे सगळे त्यात येते. यांतला पहिला गट सर्वांत मोठा आहे. आयएसओ ६३९-३ या मानकात सात हजारांहून अधिक भाषांना तीन अक्षरी संकेत दिलेले आहेत आणि इंग्रजी विकिपीडियाने त्यांतल्या बहुतेकांसाठी पाने उघडली आहेत. ही पाने लिहिणारे, तपासणारे आणि वर्षानुवर्षे सांभाळणारे लोक मानधन घेत नाहीत. त्यांना कोणी नेमलेले नसते. इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला, मराठी १ मे २००३ रोजी. तेव्हापासून अशा मोकळ्या मनुष्यबळाकडून एका शास्त्रशाखेचे लेखन नीट कसे करून घ्यावे, याचे बरेच प्रयोग झाले. काही टिकले, काही फसले.

भाषेच्या बाबतीत एक अडचण मुळातच आहे. भाषा बोलणारा प्रत्येक जण तिचा जाणकार असतो, पण ज्ञानकोशाच्या नियमांनुसार ही जाणकारी पुरावा ठरत नाही. ‘माझा’ आणि ‘माझी’ हे शब्द घ्यावेत. लिहिताना झ एकच आहे. उच्चारताना पहिला दंततालव्य होतो, दुसरा तालव्य. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. तरीही ‘ई’ किंवा ‘ए’ पुढे आला की झ तालव्य होतो असे विधान लेखात घालायचे असेल, तर त्याला दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चा किंवा रमेश धोंगडे आणि काशी वाली यांच्या २००९ च्या वर्णनात्मक व्याकरणाचा आधार जोडावा लागतो. स्वतःचे संशोधन नको, पडताळता येईल असेच लिहावे, हा नियम नव्या माणसाला जाचक वाटतो. पण सोलापूरचा एक आणि मालवणचा एक असे दोघे आपापल्या जिभेवर विसंबून एकच पान लिहू लागले, तर दोघेही खरे बोलत असूनही लेख रोज बदलत राहील. नियम त्यासाठी आहे.

म्हणून भाषाविज्ञानातल्या स्वयंसेवी कामाची खरी बांधणी म्हणजे बोलणाऱ्याचे ज्ञान आणि अभ्यासकाचे ज्ञान वेगळे ओळखून दोघांनाही आपापली जागा देणे. ज्या उपक्रमांनी हे केले ते फळाला आले. ज्यांनी नुसती माणसे गोळा केली त्यांच्या हाती फारसे लागले नाही.

प्रकल्प आणि प्रतवारी

इंग्रजी विकिपीडियावर भाषाविज्ञानाचा एक विकिप्रकल्प आहे आणि भाषांचा दुसरा. विकिप्रकल्प म्हणजे एका विषयात रस असलेल्या संपादकांची चावडी. तिथे चर्चा होते, लेखांची रचना कशी असावी याचे संकेत ठरतात, आणि मुख्य म्हणजे प्रतवारी होते. प्रत्येक लेखाच्या चर्चा पानावर प्रकल्पाचा साचा लावतात आणि त्यात दोन गोष्टी नोंदवतात : लेखाचा दर्जा काय आणि विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व किती. दर्जाची शिडी त्रोटक लेखापासून निवडक लेखापर्यंत जाते, महत्त्वाची सर्वोच्च ते कमी अशी. या नोंदी गोळा करून सांगकाम्या, म्हणजे आपोआप चालणारी संगणकीय आज्ञावली, एक तक्ता तयार करतो. त्या तक्त्यात ‘महत्त्व सर्वोच्च, दर्जा त्रोटक’ असा एक कोपरा असतो. कामाला कुठून हात घालावा याचे उत्तर तिथे आयते मिळते.

हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचे काहीही नीट होत नाही. अशी यादी नसली की उत्साही माणूस आधीच बरा असलेला लेख आणखी सजवत बसतो आणि ‘सामान्यरूप’ किंवा ‘बोली’ यांसारखे पायाभूत लेख चार ओळींवर अडून राहतात. अर्थात प्रतवारी हे साधन आहे. दर्जा लावून झाला म्हणजे लेख सुधारला असे समजून थांबणारे प्रकल्पही पुष्कळ आहेत.

भाषांच्या लेखांत आणखी एक शिस्त उपयोगी पडली, ती माहितीचौकटीची. भाषाकुल, प्रदेश, भाषकसंख्या आणि तिचे वर्ष, लिपी, आयएसओ संकेत, ग्लॉटोलॉग या भाषासूचीतला संकेत ही घरे प्रत्येक भाषेला सारखीच असतात. उच्चार दाखवतानाही हीच पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय स्वनलिपीची चिन्हे त्या भाषेसाठी कशी वापरायची याची एक किल्ली ठरवतात आणि सगळ्या लेखांतले उच्चार तिच्याप्रमाणे लिहितात. त्यामुळे लेखक बदलला तरी लेखन बदलत नाही.

संकेत, शिरगणती आणि ‘भाषा किती?’

आयएसओ संकेतांची नोंदणी एसआयएल ही संस्था पाहते. १९५१ पासून निघणारा ‘एथ्नोलॉग’ हा जगातील भाषांचा संदर्भग्रंथ तिचाच. बरीच वर्षे तो स्वयंसेवकांचा मुख्य आधार होता. पुढे त्यातील तपशिलासाठी वर्गणी भरावी लागू लागली, आणि माक्स प्लांक संस्थेत उभ्या राहिलेल्या ‘ग्लॉटोलॉग’ या खुल्या सूचीकडे संपादक वळले. ग्लॉटोलॉगचा एक गुण असा, की ज्या भाषांच्या अस्तित्वाचा पुरावाच नाही अशा नोंदी ती वेगळ्या काढते. संकेत आहे म्हणून भाषा आहे, असे धरून चालत नाही. कधी एकाच भाषेची दोन नावे दोन भाषा म्हणून नोंदली जातात, कधी संकेत मागे घेतला जातो. संकेतांतले बदल दर वर्षी जाहीर होतात, तेव्हा भाषांची पाने दर वर्षी ताडून पाहणे हे कोणातरी निश्चित माणसाचे काम म्हणून ठरलेले असावे लागते. ‘कोणीतरी करेलच’ या भरवशावर ते होत नाही.

भाषकसंख्येचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तिथे अभिमान आड येतो. मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख आहे. दुसरी भाषा म्हणून मराठी बोलणारे त्यात नाहीत. हे दोन आकडे वेगळे लिहिले नाहीत, वर्ष दिले नाही, की कोणीतरी येऊन संख्या वाढवतो आणि दुसरा ती कमी करतो. ‘भारतात भाषा किती’ या प्रश्नाचेही तसेच आहे. २०११ मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली कच्ची नावे १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतली १,३६९ मातृभाषा म्हणून धरली गेली. दहा हजारांवर भाषक असलेल्या २७० निघाल्या आणि त्यांची गटवारी करून १२१ भाषा ठरल्या. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषांची नोंद केली. यांतला कोणताही आकडा खोटा नाही, प्रत्येकाची मोजणी वेगळी आहे. लेखात आकड्याशेजारी मोजणीची रीत लिहिली की निम्मे वाद तिथेच मिटतात.

अहिराणीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. अहिराणीचा समावेश जिच्यात केला जातो ती खानदेशी ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीच्या खंडात नाही, भिल्ल भाषांबरोबर ती नवव्या खंडात आहे. जनगणना खानदेशीला स्वतंत्र भाषा म्हणून मोजते. आयएसओत अहिराणी आणि खानदेशी यांना दोन वेगळे संकेत आहेत. आणि मराठी शाळेत शिकलेला माणूस अहिराणीला सहजपणे मराठीची बोली म्हणतो. आता लेखाचे पहिले वाक्य कसे लिहावे? ‘अहिराणी ही मराठीची बोली आहे’ असे लिहिले तर धुळ्या-जळगावातला एखादा वाचक दुखावतो, ‘स्वतंत्र भाषा आहे’ असे लिहिले तर दुसरा. तटस्थ दृष्टिकोनाच्या नियमातून निघालेली वाट अशी : पहिल्या वाक्यात ती कुठे आणि कोण बोलतात एवढेच सांगावे, वर्गीकरणाला स्वतंत्र परिच्छेद द्यावा, आणि त्यात कोणी, कधी, कशाच्या आधारे काय म्हटले ते नावानिशी लिहावे. निर्णय ज्ञानकोशाने देऊ नये. कोंकणी-मराठी संबंधांच्या लेखालाही हीच रीत लागू पडते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर तिच्या प्राचीनतेबद्दल जे लिहिले जाते त्यालाही ती लागू पडते. आद्य शिलालेखाचा मान अक्षीच्या लेखाला द्यायचा की श्रवणबेळगोळच्या, हे पान लिहिणाऱ्याच्या आवडीवर ठरू नये. कालनिर्णय कोणाचा आणि त्याचा आधार काय, हे वाचकासमोर ठेवावे.

एकत्र बसून लिहिणे

ठरावीक दिवशी एकत्र बसून लेख लिहिण्याच्या बैठकांना एडिटाथॉन म्हणतात. भाषाविज्ञानात या पद्धतीला वळण दिले ते कॅनडातल्या भाषाभ्यासक ग्रेचेन मॅकलक यांनी. २०१५ च्या सुमारास त्यांनी ‘लिंगविकी’ या नावाने अशा बैठका सुरू केल्या आणि अमेरिकेच्या भाषावैज्ञानिक संस्थेच्या संमेलनांतही त्या घेतल्या. एरवी अशा बैठकीला हौशी लोक येतात आणि त्यांना विषय शिकवावा लागतो. इथे विषय येणारी माणसे आधीच जमलेली होती, शिकवायचे होते ते विकिपीडियाचे तंत्र. कामाचे विषयही आखून दिले होते : त्रोटक संकल्पना-लेख, फारशी नोंद न झालेल्या भाषा, आणि स्त्री भाषाभ्यासकांची चरित्रे. प्रबंधासाठी एखाद्या भाषेचे व्याकरण वाचलेली विद्यार्थिनी तासाभरात त्या भाषेच्या पानावर स्वनिमांचा तक्ता संदर्भासह घालू शकते, कारण संदर्भ तिच्या टेबलावरच असतो.

उलट उदाहरण पुण्याचे आहे. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानने पुण्यातील काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहवून घेण्याचा प्रयोग केला. विषय भाषाविज्ञानाचे नव्हते, पण धडा सर्वांना लागू आहे. विद्यार्थी संख्येने खूप, त्यांना हाताशी धरणारे थोडे, आणि स्वामित्वहक्क म्हणजे काय याची पुरेशी समज कोणी दिलेली नव्हती. पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला गेला. तो शोधून काढण्यातच जुन्या स्वयंसेवकांचे श्रम गेले आणि त्याच वर्षी प्रयोग थांबवावा लागला. दोष विद्यार्थ्यांपेक्षा आखणीचा होता. गुणांसाठी लिहिलेल्या मजकुराला वाचणारा नेमला नाही, तर नक्कल होतेच.

स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाची हकिगत यापेक्षा खोल जाते. तिथले हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन किशोराने लिहिले होते. इंग्रजी वाक्यरचना तशीच ठेवून शब्दांचे स्पेलिंग तेवढे बदललेले होते. ऑगस्ट २०२० मध्ये ही गोष्ट उघडकीला आली तोवर बरीच वर्षे उलटली होती. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. भाषा बोलणारी माणसे त्या कोशाकडे फिरकलीच नाहीत, म्हणून हे घडले. लेखसंख्येवर समाधान मानणाऱ्या प्रत्येक छोट्या आवृत्तीने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मराठीत काम करताना

मराठीत पहिला अडथळा परिभाषेचा. ‘मॉर्फीम’ या एकाच इंग्रजी संज्ञेसाठी कोणी ‘पदिम’ लिहितो, कोणी ‘रूपिम’, कोणी ‘रूपिका’. प्रत्येक शब्दामागे एखादा ग्रंथ किंवा विद्यापीठाची परंपरा असते. यावर भांडत बसण्यापेक्षा भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशातला शब्द शीर्षकाला घ्यावा, बाकीच्या शब्दांवरून त्याच पानाकडे पुनर्निर्देशन द्यावे, आणि पहिल्या परिच्छेदात सगळे पर्याय नोंदवावेत, हे बरे. वाचक कोणत्याही शब्दाने शोधत आला तरी त्याला लेख सापडतो.

दुसरा अडथळा जास्त गंभीर आहे. तो आयत्या भाषांतरातून येतो. भाषांतराचे साधन हाताशी असल्यामुळे इंग्रजी लेख मराठीत आणणे सोपे झाले आहे, पण भाषाविज्ञानाच्या लेखातली उदाहरणे भाषेला बांधलेली असतात. इंग्रजीतील पॅसिव्ह रचनेवरचा लेख मराठीत आणताना ‘कर्मणी प्रयोग’ असे शीर्षक दिले की चूक झालीच. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने चिंच खाल्ली’ ही मराठी कर्मणी रचना. क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, पण कर्ता मागे पडलेला नाही. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारी रचना ‘मुलाकडून आंबा खाल्ला गेला’ ही आहे. मराठी व्याकरणातला ‘प्रयोग’ ही संकल्पनाच मुळात कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या मेळावर उभी आहे. आधुनिक अभ्यासक ‘मुलाने आंबा खाल्ला’ याचे विश्लेषण ‘अर्गेटिव्ह’ या संज्ञेखाली करतात. असा लेख भाषांतराने होत नाही, तो मराठीत नव्याने मांडावा लागतो : आधी दामले परंपरेतली मांडणी, मग आधुनिक विश्लेषण, आणि दोन्हींची उदाहरणे मराठीतली.

साधनांची मात्र मराठीत वाण नाही. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त होतो. दामले यांचे १९११ चे व्याकरण, मोल्सवर्थचा कोश, ग्रियर्सन यांचे सर्वेक्षण हे सगळे मुक्त आहे. असे ग्रंथ विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात आणून त्यांतला मजकूर नोंदीसह वापरता येतो. ना. गो. कालेलकर, अशोक केळकर, शं. गो. तुळपुळे यांचे ग्रंथ मुक्त नाहीत. ते वाचून आपल्या शब्दांत लिहावे आणि पृष्ठांकासह संदर्भ द्यावा. एकेका ग्रंथाचा पूर्ण तपशील एकदाच साच्यात भरून ठेवला, तर पुढच्या प्रत्येक लेखात फक्त पान क्रमांक टाकावा लागतो. या छोट्या सोयीने नव्या लेखकाचा निम्मा धाक जातो.

संस्था पुढे आल्या की काय होते, हे गोव्याने दाखवले. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा ‘कोंकणी विश्वकोश’ २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली दिला. २०१५ मध्ये कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला, आणि त्यावर देवनागरीबरोबर रोमी लिपीतही लेखन होते. महाराष्ट्रात राज्य मराठी विकास संस्थेने मराठी भाषा पंधरवड्यात विकिपीडिया कार्यशाळा घेतल्या. डेक्कन कॉलेज आणि ही संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आहे. बोलींवरचे लेख लिहिणाऱ्यांसाठी त्याच्याइतका ताजा आधार दुसरा नाही.

बोलणाऱ्याची जागा

ज्याला ग्रंथ वाचायला वेळ नाही पण भाषा उत्तम येते, त्याच्यासाठी विश्वकोशाच्या शेजारची दालने आहेत. फ्रान्समधील विकिमीडिया संस्थेच्या ‘लिंग्वा लिब्रे’ या साधनात शब्दांची यादी समोर येते. माणूस एकेक शब्द म्हणतो, साधन ध्वनिफिती आपोआप वेगळ्या करून साठवते. बोलणाऱ्याचे गाव आणि भाषा यांची नोंद त्याबरोबर राहते, म्हणून मालवणच्या माणसाचा उच्चार मालवणचा म्हणूनच जतन होतो. विकिडेटावर २०१८ पासून शब्दांच्या नोंदी करता येतात. ‘पाणी’ हा शब्द नोंदवताना त्याचे लिंग, ‘पाण्या-’ हे सामान्यरूप आणि ‘पाण्यात’, ‘पाण्याला’ ही रूपे भरायची असतात. मराठी येणाऱ्या कोणालाही हे दहा मिनिटांत जमते. विक्शनरी हा मुक्त शब्दकोशही याच जातीचा. सोलापूर आणि मालवण यांचा जो वाद लेखाच्या पानावर अडचण ठरला असता, तो या दालनांत संपत्ती ठरतो.

आदिवासी भाषांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. ध्वनिमुद्रण खुल्या परवान्याखाली एकदा गेले की परत घेता येत नाही. गाणी, विधींमधले शब्द, घरगुती नावे देताना बोलणाऱ्याला ते कुठे जाणार आणि कोण वापरणार हे त्याच्या भाषेत समजावून सांगणे आणि त्याची संमती घेणे ही संयोजकाची जबाबदारी आहे.

या सगळ्या वाटा बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागात एकत्र येतात. तिथे निहाली बोलली जाते. तिचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी सिद्ध झालेले नाही. ग्रियर्सन यांनी तिला मुंडा भाषांमध्ये ठेवले होते. भाषाभ्यासक कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आशा मुंडले आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी तिचे शब्द गोळा केले. कोरकू या मुंडा भाषेतून आलेले शब्द तिच्यात भरपूर आहेत. दोन, तीन, चार या संख्या द्राविडी वळणाच्या, पाच आणि पुढच्या आर्यभाषी, आणि एकासाठीचा शब्द तिचा स्वतःचा. ती बोलणारी माणसे काही हजारांच्या आतच आहेत, आणि त्यांच्या शेजारची मोठी भाषा मराठी आहे. निहालीवर भरवशाचा मराठी लेख उभा करायला तीन माणसे लागतात : कायपर आणि त्यांच्यानंतरचे संशोधन वाचू शकणारे एक, विकिपीडियाचे साचे आणि संदर्भ जाणणारे एक, आणि जळगाव जामोदच्या गावांत संमती घेऊन शब्द मुद्रित करू शकणारे एक. अशी तीन माणसे ज्यांना ठाऊक असतील, त्यांनी त्यांची गाठ घालून द्यावी.